शेकड्यात लिहिलेली वही

बाबांची वही निळ्या कापडी पुठ्ठ्याची होती आणि तिला हात लावायची घरात सगळ्यांना बंदी होती. लहानपणी मला वाटायचं, हिच्यात काहीतरी भानगड लिहिलेली असणार. मोठी झाल्यावर एकदा चोरून उघडली तर आत नुसते आकडे. फार निराशा झाली.

ते आकडे रंगांचे होते. बाबा आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शेड मॅचर होते. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा आणून टाकणार, ‘हुबेहूब हाच रंग पाहिजे’ म्हणणार, आणि बाबांनी कोणते रंग किती घेतले की तो जमेल ते शोधायचं, असं ते काम. कारखान्याच्या शेड, म्हणजे रंगछटा, कारखान्यातच राहायच्या. ही वही मात्र बाबांच्या हौसेची होती. सुट्टीच्या दिवशी ते उल्हासनगरला एका सिंधी दोस्ताच्या रंगखान्यात जाऊन बसत. तिथे दोरा, लेस, ओढण्या रंगवून मिळत. या दोस्ताला आम्ही सगळे शेठ म्हणतो, बाबाही म्हणतात. शेठच्या मागच्या खोलीत बाबांनी चाळीस वर्षं मनाला येईल तो रंग जमवला आणि वहीत टिपला. एकूण चारशे बारा शेड. प्रत्येकीला नंबर आणि बाबांनी ठेवलेलं नाव. ‘ओली वीट’. ‘कैरीची साल’. ‘साखरपुड्याचा शालू’, हा आईचा. नंबर २९३ होता ‘पालेगाव भात’. लोंबी धरायच्या आधी भाताचं शेत जसं दिसतं, तो हिरवा. तेव्हा अंबरनाथच्या बाहेर पडलं की पालेगावात शेतंच होती. आता तिथे बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत तुळस दिसते, तेवढाच हिरवा.

आई गेल्यावर बाबा अंबरनाथच्या घरी एकटे राहू लागले. मी चिखलोलीत. स्टेशन होणार, स्टेशन होणार असं ऐकून आम्ही तिथे फ्लॅट घेतला आणि अजून रिक्षानेच हिंडतो आहोत. असो. तर तीन वर्षांपूर्वी मी बाबांना बदलापूरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, आणि तीही हळूहळू कडेकडेने कमी होत जाईल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. परत येताना रिक्षात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“वही कॉम्प्युटरवर चढवायला किती दिवस लागतील गं?”

म्हणजे नजर जायच्या आत वही कॉम्प्युटरवर जायला हवी होती. वहीतलं अक्षर बाबांचं, खुणा बाबांच्या, ‘ल. जरा’, ‘नि. नको’ अशा. ती दुसऱ्या कुणाला लागणं शक्य नव्हतं. मी लावून पाहिलं, पहिल्याच पानावर हात टेकले.

माझं काम सॉफ्टवेअरचं आणि त्यातही पॅकेजिंगचं. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मग माझी भाचीपण पॅकिंगलाच आहे, फार्मामध्ये.” मी पुढे काही बोलले नाही, कारण फरक सांगायला बसले असते तर फारसा निघाला नसता. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम वेगवेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरवर नीट बसेल अशी त्याची बांधाबांध करायची, हे मी दिवसभर घरी बसून करते. कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एका जातीचा नसतो. एका जातीसाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीला समजत नाही. लिहायचा एकदाच, पण प्रत्येक जातीसाठी तो वेगळा घडवून वेगळं पॅकेज करावं लागतं.

बाबांसाठी मी शेड ठेवायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि नशिबाने म्हणा, आमच्याकडे तीन जाती निघाल्या. बाबांचा कॉम्प्युटर जुनापुराणा. कारखान्याने सगळे बदलले तेव्हा त्यांनी मागून घेतलेला. नवा घ्या म्हटलं तर ऐकेनात. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पार पुसली होती, पण बोटांना पाठ होती, आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवायची वेळ येणार हे त्यांनी ओळखलं होतं. दुसरा माझा लॅपटॉप, नव्या जातीचा. तिसरा शेठकडे. त्यांनाही प्रोग्रॅम हवा होता, म्हणून मी टीव्हीच्या मागे एक साबणाच्या वडीएवढी पेटी लावून दिली, मोबाईलमध्ये असते त्या जातीच्या चिपची. शेठ तिला ‘डब्बी’ म्हणतात.

तीन मशीन, तीन पॅकेजं. आणि सुरुवातीला मी काय केलं, तर शेडची यादी तिन्ही पॅकेजांत एकेक घालून ठेवली. घरचंच काम, कोण बघतंय! ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

बाबांनीच मला धारेवर धरलं. “यादी एकच आहे ना? मग तीन जागी का?”

“तीन मशीन वेगळी आहेत ना, बाबा.”

“मशीन वेगळी आहेत. शेड वेगळ्या आहेत का?”

मग त्यांनी मला वही दाखवली, पहिल्यांदा स्वतःहून. कुठल्याच शेडपुढे ग्रॅम लिहिलेले नव्हते, लिटर नव्हते. सगळं शेकड्यात होतं. शंभर भाग सुताला पिवळा इतका, निळा इतका. “आमच्याकडे पाच किलोची टाकी होती आणि पाचशे किलोचीही होती,” ते म्हणाले. “टाकीच्या मापाने लिहिलं असतं तर टाकी बदलली की वही रद्दीत. शेकड्यात लिहिलं की कुठल्याही टाकीपुढे वही तीच. गुणाकार टाकीवरच्याने करायचा.”

आमच्या धंद्यात हा नियम मी पुस्तकातून शिकले होते. जे मशीनवर अवलंबून नाही ते सगळं बाजूला काढून एका सामायिक पॅकेजात ठेवायचं, एकदाच, आणि तिन्ही मशीनच्या पॅकेजांनी ते वापरायचं. बाबांनी तो टाकीपाशी उभं राहून शिकलेला. यादी एका जागी आणते, असा शब्द मी त्यांना दिला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं आणि मनातून आनंदही झाला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच कामाबद्दल बोलत होतो.

रोज दोन शेड असा बाबांनी नेम धरला. मी पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली, नंतर आणखी मोठी. भिंगातून वहीतली ओळ वाचायची, टाइप करायची, पुन्हा भिंगातून पडताळायची. आणि पडताळून झालं की वहीतलं ते पान टरकन फाडायचं, चार तुकडे करायचे आणि केराच्या डब्यात टाकायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. “अहो, फाडता काय?”

“नियम आहे,” बाबा म्हणाले. “मास्टर रजिस्टरात शेड चढली, तपासून झाली, की कच्चं पान त्याच तासाला फाडायचं. दोन ठिकाणी राहिलं की रात्रपाळीवाला नेमकं जुनं उघडतो. मग पाचशे किलो माल वाया.”

“इथे कुठे रात्रपाळी आहे?”

“सवय आहे.”

प्रोग्रॅममध्ये त्यांनी दोन रकाने हट्टाने घालून घेतले होते, ‘केले’ आणि ‘तपासले’. कारखान्यात ही दोन माणसं वेगळी लागत. इथे दोन्हीकडे बाबांच्याच नावाची आद्याक्षरं पडत, तरी दोन्ही भरल्याशिवाय ते पान फाडत नसत. दर गुरुवारी पेनड्राइव्हवर यादी घेऊन ते उल्हासनगरला जात, शेठच्या डब्बीत चढवत आणि चढली की पेनड्राइव्ह कोरा करत. मी म्हटलं, मी करते ना हे. म्हणाले, तेवढंच चहाला जाणं होतं.

दर महिन्याला मीही त्यांची यादी आणून माझ्याकडच्या मूळ यादीत घालायची असं ठरलं होतं. ठरवणारी मीच होते आणि विसरणारीही मीच. ऑफिसचं काम, मुलीची दहावी, सगळी कारणं खरी आहेत. पण पाच महिने मी त्या यादीला हात लावला नव्हता.

एका रविवारी सकाळी मला हुक्की आली. बाबांना दिलेला शब्द पाळायचा, चौथं, सामायिक पॅकेज करायचं. केलं. इतकं सुबक झालं की स्वतःवरच खूश होऊन मी अंबरनाथला गेले आणि बाबांच्या मशीनवर चढवलं. शेठच्या डब्बीसाठीचं पॅकेज काही केल्या तयार होईना, कसलातरी एक भाग सापडत नव्हता. म्हटलं, ते पुढच्या रविवारी. बाबांनी पोहे केले होते, ते खाऊन मी घरी आले.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. “अगं, मशीन एकशे वीसच्या पुढे जात नाहीये. माझ्या पुढच्या शेड कुठे ठेवल्यास?”

मी लगेच माझा लॅपटॉप उघडला. माझ्या मूळ यादीत एकशे वीसच शेड होत्या. पाच महिन्यांपूर्वीच्या. आणि नव्या पॅकेजने ती यादी बाबांच्या यादीवर बसवली होती. आमच्या धंद्यातला अगदी पहिला धडा आहे हा. पॅकेजबरोबर आलेली फाईल पॅकेजच्या मालकीची, नवं पॅकेज ती खुशाल बदलणार. माणूस स्वतः जे लिहितो ते वेगळ्या जागी ठेवायचं, तिथे पॅकेजने पाऊल टाकायचं नाही. मी बाबांचं लिहिणं माझ्याच फाईलमध्ये होऊ दिलं होतं, कारण घरचंच काम, कोण बघतंय.

मुलीने तिच्या धंद्याच्या सवयीने यादी पुसली आणि बापाने त्याच्या धंद्याच्या सवयीने पानं फाडली, असं दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर मी हसले असते.

पुसलेली फाईल परत आणायचे जे काही उपाय असतात ते मी दोन दिवस केले. हाती तुकडे लागले. आकडे होते, पण कोणत्या शेडचे ते कळत नव्हतं. बाबा शेजारी बसून असत. एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटत होती की मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, आणि त्यांना ते दिसत होतं की नाही, हेही मला आता ठरवता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन बाबांना आला, गुरुवारी येणार का विचारायला. बाबांनी झालेलं सांगितलं. पलीकडून शेठ म्हणाले, “अरे साईं, मेरी डब्बी तो चल रही है. आत्ताच काल दोनशे पन्नासवाली लेस केली ना मी.”

डब्बीचं पॅकेज माझ्याकडून झालं नव्हतं, म्हणून डब्बी वाचली होती, आणि दोन दिवस ती माझ्या डोक्यातच आली नव्हती! आम्ही दोघं तस्से रिक्षात बसलो. शेठच्या पडद्यावर यादी दोनशे सत्त्याऐंशीपर्यंत होती. जुन्या मशीनवर लिहिलेली, मोबाईलच्या चिपवर जशीच्या तशी उघडणारी, शेकड्यातली. मी ती चार ठिकाणी उतरवून घेतली.

बाबा बोटांवर हिशेब करत होते. डोळ्यांच्या लेसरमुळे त्यांचे अलीकडचे काही गुरुवार चुकले होते. तीनशे एकेचाळीसपासून पुढची पानं वहीत शाबूत होती. दोनशे अठ्ठ्याऐंशी ते तीनशे चाळीस, त्रेपन्न शेड, कुठेच नव्हत्या.

“लड्या आहेत,” बाबा म्हणाले.

लड्या म्हणजे प्रत्येक शेडचा रंगवलेला वीतभर दोरा, नंबराची चिठ्ठी बांधून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. म्हणजे रंग होता, तो कसा करायचा ते गेलं होतं. पुन्हा शोधायचं तर शेड मॅचरचे डोळे हवेत.

शेठ म्हणाले, “डोळे बेटीचे घ्या ना.”

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. “बघशील?”

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दहा ते बारा आम्ही शेठच्या मागच्या खोलीत. वेळ तीच, कारण तिथली खिडकी उत्तरेची आणि रंग जुळवायला तेवढाच उजेड खरा. गॅसवर स्टीलची भांडी, काचेच्या नळीने मोजून घेतलेलं रंगाचं पाणी, वाळवायला जुनी इस्त्री. बाबा स्टुलावर, मी खिडकीपाशी, शेठ येऊनजाऊन. बाबा अंदाजाने शेकडा सांगत, मी शाळेच्या शंभरपानी वहीत लिहून घेई, रंगवी, वाळवी आणि जुन्या लडीशेजारी धरी.

“काय दिसतंय?”

“हिरवा.”

“हिरवा रिक्षावाल्यालाही दिसतो. लाल मारतोय की पिवळा?”

“माहीत नाही, बाबा.”

“माहीत नको करून घेऊस. बघ.”

पहिल्या शेडला चार शनिवार गेले. मला रडू येत होतं. बाबांना येत नव्हतं, उलट ते जरा तरुण दिसायला लागले होते. “मान तिरकी कर. डोळे बारीक कर. आता पटकन बाजूला बघ आणि परत ये. कुठली लडी आधी बोलली?” असलं काहीतरी ते सांगत आणि शेठ बाहेरून ओरडत, “साहेब, लडकी को छोड दो, चहा थंड होतोय.” पण साताठ शेडनंतर मला खरंच दिसायला लागलं. करड्यात निळा दिसायचा. पांढऱ्यातसुद्धा पिवळा दिसायचा. चिखलोलीच्या बिल्डिंगचा रंग दोन बाजूंना वेगळा आहे हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं.

माझं जमलं असं वाटलं की मी दोन्ही लड्या बाबांच्या हातात देई. ते खिडकीकडे तोंड करून त्या नाकापाशी धरत, मान हळूहळू फिरवत, उरलेल्या तेवढ्याशा नजरेत लडी आणून बसवत. कधी म्हणत, “नाही. निळा एक थेंब कमी.” आणि ते बरोबर असे. मग ‘केले’मध्ये माझी अक्षरं आणि ‘तपासले’मध्ये त्यांची. मधल्या काळात मी प्रोग्रॅमही सुधारला. बाबांचं लिहिणं आता त्यांच्या स्वतःच्या जागी जायचं, आणि तपासून झालेलं तेवढंच सामायिक पॅकेजात. डब्बीचंही पॅकेज झालं.

वर्षभर चाललं. बाबांच्या लड्या नाकाच्या आणखी जवळ येत गेल्या. ‘नाही’ म्हणणं कमी होत गेलं. मला वाटलं, मी सुधारले.

दोनशे त्र्याण्णव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ‘पालेगाव भात’. त्या शनिवारी आमचा तिसरा घाणा चालला होता. दोरा वाळला. मी जुनी लडी बाबांच्या हातात दिली आणि नवी घेऊन खिडकीत गेले. हिरवा, त्यात पिवळा वर येणारा आणि खाली कुठेतरी निळ्याची ओल. मी ते शेत लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवरून पाहिलं होतं. तेच होतं ते.

“बाबा, जमलं,” मी म्हटलं.

“बघू.” त्यांनी हातातली लडी खिडकीकडे धरली. नाकापाशी आणली. मान या बाजूने, त्या बाजूने फिरवली. बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “हो. जमलं. अगदी तोच.”

नवी लडी माझ्याच हातात होती. मी ती त्यांना अजून दिलीच नव्हती.

शेठ चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं, आणि ग्लास आवाज न करता खाली ठेवले. मला कळेना, हे कधीपासून चाललंय. मागच्या शनिवारी? मागच्या दहा शेडना? मी विचारलं नाही. माझा आवाज बिघडला असता आणि बाबांचे कान चांगले आहेत.

“तपासलेमध्ये तुझी अक्षरं घाल,” बाबा म्हणाले.

“तुम्ही तपासलंत ना आत्ता.”

“तू जमलं म्हणालीस, तेव्हाच तपासून झालं. घाल.”

मी घातली. आकडे तीनदा पडताळले. दोन्ही रकान्यांत माझीच अक्षरं पडली. मग यादी सामायिक पॅकेजात बांधली आणि तिथल्या तिथे डब्बीवर चढवली. बाबा थांबले होते.

“चढलं?”

“चढलं.”

“मग पान फाड.”

माझ्या मांडीवर ती शंभरपानी वही होती. त्रेपन्न शेड, प्रत्येकीचे फसलेले घाणे, समासात बाबांचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले. मी वहीच्या शेवटाकडे गेले, एक कोरं पान धरलं आणि टरकन फाडलं. चार तुकडे केले.

बाबा तोंड खिडकीकडे करून ऐकत होते. “शाब्बास,” ते म्हणाले, आणि चहाच्या ग्लाससाठी हात पुढे केला.